टिपाड आलं, मी बाजूला झालो नाही

शिरूर येथे, मे महिन्यातल्या एका गुरुवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, मंगल कार्यालयाच्या उतारावर मी पाण्याच्या टिपाडावरून उडी मारली. टिपाड पत्र्याचं, दोनशे लिटरचं आणि रिकामं होतं. त्याच्यामागून दुसरं टिपाड आलं. ते भरलेलं होतं. मी त्याच्यावरूनही उडी मारली. त्याच कार्यालयात, त्याच दिवशी, बारा पस्तीसच्या मुहूर्तावर माझं लग्न होतं.

घटनेच्या वेळी माझ्या अंगात पांढरा सफारी, डोक्याला फेटा, कपाळाला बाशिंग आणि हातात टोकाला लिंबू खोचलेली कट्यार होती. पाहणारे सुमारे दीडशे लोक होते. त्यांतल्या कुणालाही आज विचारलं तरी उत्तर एकच मिळतं. बाजूला व्हायला दोन्हीकडं भरपूर जागा होती.

ते खरं आहे. नाकारण्यात अर्थ नाही.

मी उडी का मारली, हे समजण्यासाठी सहा वर्षं मागं, यवतच्या एसटी स्टँडसमोर जावं लागतं. मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकाचा दौंड तालुक्याचा वार्ताहर होतो. राहायला खुटबावला, बसायला यवतला. दिवसभराच्या बातम्या पाकिटात घालायच्या आणि पाकीट चारच्या एसटीच्या कंडक्टरकडं द्यायचं, एवढं माझं काम. चारची एसटी पाचला यायची. मधल्या तासात काय करायचं, हा प्रश्न होता. स्टँडसमोर माझा कॉलेजातला मित्र मिलिंद यानं पत्र्याचं शेड टाकून त्यात व्हिडिओ गेमची तीन यंत्रं बसवली होती. त्याच सुमारास आमच्या कचेरीतून निरोप आला : 'व्हिडिओ गेममुळे विद्यार्थी बिघडत आहेत. सविस्तर बातमी द्या.'

प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय लिहू नये, असं आम्हाला शिकवलेलं होतं. म्हणून मी शेडमध्ये गेलो. (ती बातमी अद्याप पूर्ण झालेली नाही.)

तीनपैकी दोन यंत्रांवर मारामारीचे गेम होते. तिसरं यंत्र सर्वांत जुनं, कुठल्या तरी बंद पडलेल्या पार्लरमधून आणलेलं. त्याच्या काचेला तडा होता आणि उडीचं बटण दाबलं की मागं पत्रा वाजायचा. त्यातला गेम असा : लोखंडी गर्डरांचे एकावर एक मजले, मजल्यांना जोडणाऱ्या शिड्या. तळाशी एक ठेंगणा टोपीवाला माणूस. सगळ्यात वर एक माजलेलं माकड आणि त्यानं पळवून आणलेली एक बाई. माणसानं वर चढायचं, माकडानं वरून टिपाडं सोडायची. टिपाड जवळ आलं की उडी मारायची. वेळ चुकली की मरायचं. असं तीनदा मरता यायचं. जगातल्या उड्या मारणाऱ्या सगळ्या गेमांचा हा आजा आहे, असं मिलिंद गिऱ्हाइकांना सांगायचा. यवतमध्ये त्याला टिपाडाचा गेम म्हणत.

त्या यंत्राला एक दांडा आणि एक बटण होतं. दांड्यानं डावीकडं, उजवीकडं, वर, खाली जाता यायचं. बटणानं उडी. समोरून टिपाड आलं तर दोन पावलं बाजूला होऊन त्याला जाऊ द्यावं, ही सोय त्यात नव्हती. मी ते सहा वर्षं खेळलो. पुढचं सगळं या एका त्रुटीमुळं घडलं.

सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याचं नाव यंत्र लक्षात ठेवायचं, पण वीज जाईपर्यंतच. वीज रोज जायची. मी केलेला एकही विक्रम दुसऱ्या दिवशीची सकाळ पाहू शकला नाही. शेवटी मिलिंदनं दारात पाटी टांगली आणि तीवर खडूनं माझं नाव लिहिलं. पहिल्या पावसाच्या ओलीनं ते गेलं.

एकदा आमचे आबा, म्हणजे वडील, मला शोधत शेडमध्ये आले. आमच्या घराण्यात तीन पिढ्या मेंढरं होती. आबांनीच ती विकून खुटबावला ऊस लावला. पण नजर मेंढक्याचीच राहिली होती. कुठलीही गोष्ट ते आधी लांबून, काठीवर हनुवटी टेकून पाहायचे. तसंच त्यांनी अर्धा तास पडद्याकडं पाहिलं.

"ह्यो गडी बाजूला का हुईना?"

"आबा, बाजूला व्हायची सोय नाही त्यात."

"मंग मेंढराचाच जल्म की! मेंढरं वाटंनं चालली आन् पुढच्या मेंढराम्होरं काठी आडवी धरली, तर ते उडी मारतंय. मंग काठी काढून घ्यायची. तरीबी मागची समदी त्याच जाग्याव उडी मारत्यात. काठी न्हाई, काय न्हाई, नुसत्या उड्या!"

"आबा, हा गेम आहे."

"त्येच म्हन्तो मी. आन् ती वरची बाई कोन?"

"तिला सोडवायचंय."

"तिला इचारलं का कुनी, खाली यायचंय का म्हनून?"

विचारण्याचं बटण यंत्राला नव्हतं. आबा गेले. माझा एक माणूस त्या बोलण्यात मेला.

दरम्यान माझं लग्न जमत नव्हतं. वार्ताहर म्हणजे नेमकं काय, हे मुलीकडच्यांना पटवून सांगता येत नसे. ("पेपरात हाय, पर नोकरीला न्हाई," असं आमचे मध्यस्थ सांगायचे. ते अचूक होतं.) अकरा स्थळांनी नकार दिला. शिरूरच्या नानांची सुरेखा हे बारावं स्थळ होतं. तेरावं उपलब्ध नव्हतं.

नाना शिरूरजवळच्या एका कारखान्यात सेफ्टी सुपरवायझर होते. कामगारांनी हेल्मेट घातलं का, शिडी धरायला माणूस आहे का, जमिनीवर तेल सांडलंय का, हे पाहण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. त्यांच्या घरात गॅसच्या शेगडीजवळ वाळूची बादली होती. त्यांनी मुलीसाठी आलेली सात स्थळं नाकारली होती. एकानं मोटरसायकल चालू ठेवूनच नमस्कार केला, म्हणून. एक जण जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरला, म्हणून.

मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी शिक्षण विचारलं नाही, जमीन विचारली नाही. चष्मा पुसला आणि म्हणाले, "पाव्हणं, एकच सवाल. समोरनं धोका आला तर काय करनार?"

"बाजूला होईन," मी म्हणालो.

"लगीच?"

"लगेच."

नानांनी आबांकडं पाहून पसंतीची मान डोलावली. हे उत्तर मी चौदा माणसांसमोर, सुरेखासमोर आणि पोह्यांसमोर दिलं. ते मागं घेता येण्यासारखं नव्हतं.

रीतीप्रमाणं पुढच्या आठवड्यात नाना यवतला गुपचूप चौकशीला आले. मुलाची चौकशी घरी करत नाहीत, स्टँडवर करतात. नाना नेमके मिलिंदच्या शेडपाशी थांबले.

"खुटबावचं ते पेपरवालं पोरगं कसं हाय वो?"

"दत्ता? एकदम शांत," मिलिंद म्हणाला. "तास तास एका जाग्याव उभा राहतोय. हलत न्हाई. कुणाशी बोलत न्हाई."

"तंबाखू?"

"दोन्ही हात मोकळंच नसत्यात त्याचं."

प्रत्येक शब्द खरा होता. सुपारी फुटली.

लग्नाच्या दिवशी कार्यालयाची बोअर आटलेली होती. नानांनी खबरदारी म्हणून आदल्या दिवशीच टेम्पोनं दहा टिपाडं पाणी मागवून ठेवलं होतं. कार्यालय उंचावर, रस्ता खाली, मध्ये सिमेंटचा सरळ उतार. टेम्पोवाल्यानं टिपाडं झाकणं आवळून वर गेटपाशी आडवी मांडली. त्यांतलं पुढचं एक स्वयंपाक्यानं सकाळीच रिकामं केलं होतं.

मारुतीला नारळ फोडून आमची मिरवणूक अकरा वाजता उताराच्या पायथ्याशी आली. चढ पाहून घोड्यानं पाय रोवले आणि घोडेवाल्यानं मला खाली उतरवलं. (घोडा समंजस होता, हे नंतर सर्वांनी मान्य केलं.) मी पुढं, माझ्यामागं आबा, त्यांच्यामागं चुलते आणि भावकी, शेवटी बँड. सगळे चालत चढू लागलो.

वर गेटपाशी नाना उभे होते. आम्हाला नीट पाहता यावं म्हणून त्यांनी एक पाय रिकाम्या टिपाडावर ठेवला होता आणि हात उंचावला होता. "सावकाश!" ते ओरडत होते. "सावकाश या! उतार हाय! पाय घसरंल!"

मग त्यांनी पाय काढला.

टिपाड हललं. घरंगळू लागलं. त्याला टेकलेलं दुसरंही सुटलं.

खाली एक माणूस, वर हात उंचावून ओरडणारी एक धिप्पाड आकृती, मध्ये चढ आणि वरून येणारं टिपाड! तुलना करण्याचा माझा हेतू नाही. ते माझे सासरे आहेत. पण माझ्या उजव्या हाताचा अंगठा कट्यारीच्या मुठीवर दाबला गेला, हे मला आठवतं. तो बटण शोधत होता.

मी उडी मारली. ती उडी उत्तम होती. टिपाड पायांखालून गेलं, आबांच्या अलीकडंच वळलं आणि डाव्या गटारात पडलं. धोका संपला होता. आबांसमोर मोकळा सिमेंटचा रस्ता होता. तरीही, मी जिथं उडी मारली बरोबर त्या जागी, आबांनी उडी मारली. त्यांच्यामागं थोरल्या चुलत्यांनी मारली. मग धाकट्या चुलत्यांनी, मग दोन्ही चुलतभावांनी, मग उपरणी सावरत अख्ख्या भावकीनं. शेवटी क्लॅरिनेटवाल्यानंही मारली. त्याचा सूर तुटला नाही.

हे मी मान वळवून पाहत होतो. ती चूक होती. गेममधली सगळी टिपाडं एकाच वेगानं येतात. शिरूरमध्ये भरलेलं टिपाड रिकाम्यापेक्षा जोरात येतं. माझी दुसरी उडी अर्ध्या सेकंदानं उशिरा पडली.

डावा पाय घोट्याच्या वर मोडला. कट्यार कमानीच्या केळीच्या खांबात रुतलेली सापडली. लिंबाचा शोध लागला नाही.

शिरूरच्या डॉक्टरांनी तासाभरात प्लास्टर घालून मला कार्यालयात परत पाठवलं. बारा वाजून सात मिनिटांनी मला वरपक्षाच्या खोलीत सतरंजीवर टेकवण्यात आलं. बारा वाजून आठ मिनिटांनी नाना आत आले. हातात पॅड होतं. खिशाला पेन. कारखान्यात अपघात झाल्यावर भरतात तो छापील फॉर्म त्यांनी पॅडला लावलेला होता. (तो त्यांच्याजवळ लग्नाच्या दिवशी का होता, हे विचारण्याच्या स्थितीत मी नव्हतो.)

"बाजूला व्हायला जागा हुती?"

"होती."

"किती?"

"बैलगाडी जाईल एवढी."

"टिपाड दिसलं हुतं?"

"हो."

"मंग उडी कामून मारली?"

मी आयुष्यभर दुसऱ्यांना असे प्रश्न विचारले होते. ते ऐकायला इतके वाईट असतात, हे मला माहीत नव्हतं.

"सवय," मी शेवटी म्हणालो.

"सवय? टिपाडावरनं उड्या मारायची?"

इथं मिलिंदला राहवलं नाही. तो कोपऱ्यात माझा फेटा धरून उभा होता. त्यानं शेड, यंत्र, माकड, बाई, सहा वर्षं, सगळं सांगून टाकलं. वर धीर देण्यासाठी म्हणाला, "नाना, तसं भ्यायचं काम न्हाई. गेमात ह्याला तीन जीव असत्यात."

"आन् हितं?"

मिलिंदनं माझ्या प्लास्टरकडं पाहिलं. "हितं... एकच," तो म्हणाला.

नानांनी लिहून घेतलं. मग ते आबांकडं वळले. "आन् तुमी समद्यांनी? तुमच्याम्होरं तर कायबी नव्हतं!"

आबांनी काठीवर हनुवटी टेकली. मला त्यांना थांबवायचं होतं, पण उठता येत नव्हतं. आबांनी नानांना मेंढराचं आणि आडव्या काठीचं सविस्तर सांगितलं आणि समारोप केला, "दत्ताचा एकट्याचा दोष न्हाई, पाव्हणं. आमच्या घराण्यातच हाय त्ये."

नानांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं : आनुवंशिक.

बाहेर वाढपी भाताचं पातेलं ओढत होते. नानांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज सुपरवायझरचा राहिला नाही. "आबा, येक पोर हाय मला. इतकी वरसं जपली. आता तिनं काय करायचं? ह्यांच्या मागनं उड्या मारत ऱ्हायचं?"

बारा स्थळं संपली होती, पाय मोडला होता, आणि समोरचा माणूस बरोबर बोलत होता. मी बाशिंगाची गाठ सोडायला हात वर नेला. गाठ सुटेना.

तेव्हा दार उघडलं. गेममध्ये ती बाई एकदाही स्वतःहून खाली उतरत नाही, हे मी सहा वर्षांच्या अनुभवावरून सांगू शकतो. सुरेखा वरच्या खोलीतून, शालू आणि मुंडावळ्यांसकट, एक-एक पायरी उतरून आली होती.

"नाना, फारम पुरा भरला का?"

"तू खाली कशाला आलीस? मुहूर्ताआधी..."

"दोन रकानं ऱ्हायल्यात. टिपाडांखाली दगड लावायचं काम कुनाचं हुतं?"

नाना पॅडकडं पाहू लागले.

"आन् पयल्या टिपाडाव पाय कुनाचा हुता? मी वरच्या खिडकीत हुते. लिहा."

नानांनी लिहिलं नाही. पेनाचं टोपण लावलं, फॉर्मची चार घड्यांची घडी घातली आणि ती खिशात ठेवली. वीस वर्षांत त्यांनी अर्धवट सोडलेला हा एकमेव फॉर्म असावा. याला दुजोरा मिळालेला नाही.

सुरेखा माझ्याकडं वळली. आमच्या आयुष्यातलं हे पहिलं संभाषण.

"तुमी मला न्यायला येत हुता, का गेम खेळत हुता?"

खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं. पण खोलीत साक्षीदार होते.

"दोन्ही," मी म्हणालो.

तिनं मुंडावळ्या सारख्या केल्या. मग नानांना म्हणाली, "खरं बोलतोय. माडीवरच्या शिडीला हात लावू द्यायचा न्हाई, येवढं ठरवून घ्या." आणि निघून गेली.

"मुहूर्ताला किती येळ हाय?" नानांनी विचारलं.

"अकरा मिंटं," मिलिंद म्हणाला.

"जावईबापूंना खुर्ची आना. आन् आनायच्या आधी खुर्चीचं चारी पाय हलवून बघा."

लग्न लागलं. मी लोखंडी खुर्चीत बसून होतो. अक्षता टाकताना वऱ्हाडी प्लास्टरवर नेम धरत होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. दोन हजार सालानंतर पोरांच्या हातात मोबाईल आले आणि मिलिंदनं शेड बंद केलं. तिथं रिचार्जचं दुकान झालं. टिपाडाचं यंत्र त्यानं भंगारात घातलं. पडदा भांडगावच्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्यानं नेला. उडी मात्र कुणी नेली नाही. भावकीतलं कुणी शिरूरला गेलं की तो उतार लागतोच, आणि सिमेंटच्या त्या एका जागेपाशी आमचे लोक चालताना किंचित अडखळतात. विचारलं तर म्हणतात, काय न्हाई, चप्पल अडकली.

त्या दिवशीचं एवढंच सांगायचं राहिलं. सायंकाळी साडेसहाला वऱ्हाड खुटबावला परतलं. उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप ठेवलेलं होतं. नवरीनं ते पायानं लवंडून आत यायचं असतं. सुरेखा पुढं होती. तिच्यामागं मी, खुर्चीत. खुर्ची दोन्ही चुलतभावांच्या हातांत. त्यांच्यामागं आबा.

सुरेखानं मापाकडं पाहिलं. मागं वळून माझ्याकडं पाहिलं. शालू दोन्ही हातांनी घोट्याच्या वर उचलला आणि उडी मारून ती आत गेली. तांदळाचा एक दाणाही सांडला नाही.

"आगं, माप!" आई आतून ओरडली. तिनं पुढं होऊन माप उचलून घेतलं. उंबरा मोकळा झाला.

चुलतभाव तिथंवर आले आणि दोघांनी एकदम उडी मारली.

उजव्या पायाचं प्लास्टर यवतला घातलं.